वाजवायची राहिलेली शिट्टी

अहो, ऐकता का? तुमची शिट्टी वाजली.

काल तेरावं झालं. माणसं पांगली, भांडी घासून झाली, तेव्हा लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा बशी हातातच होती. चहा अर्धा प्यायला होतात. आजारपण नाही, कोणाला रात्र जागवणं नाही. बरं झालं. माझ्यासमोर रडायला आलेल्या बायांना मी तेच सांगितलं, तर त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. बघू देत.

मला तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक तुम्हाला हवी होती आणि मी चाळीस वर्षं नाही म्हणत होते, ती. दुसरी मी तुमच्यापासून लपवून ठेवली होती, ती. या दुसरीत तुम्ही माझ्यावर चांगलीच कुरघोडी केलीत, हे मला तुम्ही गेल्यावर त्याच दुपारी कळलं. राग अजून गेलेला नाही.

मी चौथी शिकलेली बाई. पण तुम्ही नेव्हीत होतात तोवर दर आठवड्याला पत्र लिहिलं आहे. तसंच हे लिहिते. पत्ता तेवढा घालत नाही.

आपलं लग्न झालं सत्तावन्न साली. मी घरात आले तेव्हा तुम्ही जेमतेम पंधरा दिवस होतात, मग गेलात जहाजावर. सहा महिन्यांनी एका दुपारी मी खाचरात बेणणी करत, तण उपटत होते. तेवढ्यात नदीपलीकडून घार ओरडल्यासारखा आवाज आला. मी वर बघितलं. आभाळात घार नव्हती. सासूबाई मात्र चिखलातून उड्या मारत निघाल्या. त्या बाईचे गुडघे एरवी दुखायचे.

"आला गो! माजा बोटवाला आला! बघत काय बसलीस? भात टाक जा!"

असा मला तुमच्या शिट्टीचा पहिला परिचय. तेव्हा एस.टी. पोलादपूरपर्यंत यायची. तिथून आपल्या कापडे गावापर्यंत तुम्ही बॅग खांद्यावर टाकून चालत यायचात. नदीवर पूल नव्हता, साकव होता. चार लांब लाकडं, वर कामट्या बांधलेल्या, एका वेळी एक माणूस जाणार. साकवाच्या त्या टोकाला थांबून तुम्ही गळ्यातली शिट्टी काढायचात आणि वाजवायचात. जहाजावर ही जेवणाच्या वेळी वाजते, असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे बाईसाहेब, पान वाढा, आम्ही येत आहोत. मला आधी राग आला. मग पुढच्या खेपेपासून मी रजेच्या दिवसांत कान तिकडंच ठेवून काम करायला लागले. भात आधणाला टाकून, हात पुसून, पदर सारखा करून उभी राहीपर्यंत तुम्ही साकव ओलांडून यायचात. एकदाही भात कच्चा राहिला नाही.

मी शिट्टी म्हटलं की तुम्ही चिडायचात. "शिट्टी पोलिसाकडं असते गो. हा पाईप हाय. जहाजावरच्या मुकादमाचा, बोसनचा पाईप."

"वाजतो ना? मग शिट्टी."

हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. इथंही मी शिट्टीच लिहिणार आहे. तुम्हाला आता खोडता येत नाही.

आता जहाजाचं सांगते. माणसं मला विचारतात, आजी, तुम्ही आयुष्यात सगळ्यात मोठी गंमत काय बघितली? त्यांना वाटतं मी नातवाचं लग्न सांगीन. मी जहाज सांगते.

साठ साल असेल. वर्षातून एक दिवस घरच्या माणसांना जहाजावर घेऊन समुद्रात फिरवून आणतात, असं तुमचं पत्र आलं. मामंजी आणि मी मुंबईला आलो. सासूबाईंनी यायला साफ नकार दिला. "बुडलात तर घरात एक तरी माणूस नको?" म्हणाल्या. तुमच्या चुलतभावाच्या खोलीवर उतरलो आणि सकाळी गोदीत गेलो. मी जहाज बघितलं आणि माझी बोबडीच वळली. मला वाटत होतं, बाणकोटला जाणाऱ्या लाँचीपेक्षा थोडं मोठं असेल. हे म्हणजे कापड्याची अख्खी वाडी लोखंडाची करून पाण्यावर ठेवलेली. आणि त्या लोखंडावर, पांढऱ्या कपड्यात, शिडीच्या डोक्याशी तुम्ही. गळ्यात साखळी, साखळीला शिट्टी. मी तुम्हाला लंगोटीवर नांगर धरलेलंही बघितलं होतं. हा माणूस वेगळाच होता. मामंजी माझ्या कानाशी म्हणाले, "आपलाच हाय ना गो तो?"

सकपाळ भावोजी त्याच दिवशी पहिल्यांदा भेटले. वरंधचा माणूस, जहाजाच्या पोटात बॉयलरवर काम. एका भोकातून डोकं वर काढून आले ते नुसते पांढरे डोळे आणि पांढरे दात. "वहिनी, खाली या," म्हणाले, "पीठ आणलंत तर भाकऱ्या भाजून देतो. तवा लागत नाय, कुठंपण थापा." आणि बिरवाडीचे पवार भावोजी डेक धुत होते. ते म्हणाले, "वहिनी, ह्याच्या नादी लागू नका. ह्याला गेले तीन महिने आम्ही वर उन्हात वाळत घालतोय, तरी रंग जात नाय."

जहाज हललं तेव्हा मला कळलंच नाही. धक्का सरकतोय असं वाटलं. मग समोरून दुसरं मोठं जहाज आलं, त्यावर कोणी वरचे साहेब होते. तुम्ही शिट्टी तोंडाला लावलीत. मूठ मिटलीत आणि फुंकलीत.

अजून अंगावर काटा येतो. एकच सूर. उंच, सरळ, दोरी ताणल्यासारखा. त्याबरोबर जहाजावरचा प्रत्येक बाप्या जिथं होता तिथं थिजला. पवार भावोजींनी बादली कलती केली होती. तिच्यातून पाणी पडत राहिलं, पण ते हलले नाहीत, पाणी त्यांच्याच पायावर. एकजण शिडीवर मध्येच. सकपाळ भावोजी अर्धे भोकात, अर्धे बाहेर. मीसुद्धा दोर ओलांडायला पाय उचलला होता, तो तसाच धरून उभी राहिले. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण हलायची छाती झाली नाही. मामंजींनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेली होती. ती अर्धी आत गेली होती. त्यांचे डोळे भरून आले, नाक हलायला लागलं, पण गडी शिंकला नाही.

ते जहाज गेलं. मग तुम्ही दुसरी शिट्टी वाजवलीत. छोटीशी, वर जाऊन पटकन खाली उतरणारी. सगळे हलले, बादली सरळ झाली, आणि मामंजी असे शिंकले की तुमच्या साहेबानं मागं वळून बघितलं.

"पहिली ती स्टिल," तुम्ही मला सांगितलंत. "म्हणजे हाय तसे थांबा. दुसरी वाजेपर्यंत कोणी हलायचं नाय, मग अंगावर साप चढला तरी. दुसरी कॅरी ऑन. म्हणजे चला, लागा कामाला."

मला आयुष्यात इतकं काहीच आवडलं नव्हतं. आमच्या घरात मी दहादा ओरडले तरी कोणी पाटावरून उठत नव्हतं. इथं एका फुंकरीत दीडशे बाप्ये गप्प!

मी विचारलं, कसं करायचं ते दाखवा. तुम्ही दाखवलंत. मूठ मिटली की सूर वर, उघडली की खाली. पण खरं काम दमाचं. आठ मोजेपर्यंत सूर हलता कामा नये. ते शिकायला तुम्हाला चार महिने लागले होते. मी म्हटलं, "म्हणजे ओल्या लाकडांची चूल फुंकतो तसंच ना? एकदम फुंकलं तर राख उडते, थांबत फुंकलं तर विझते."

तुम्ही हसलात. नुसते हसला नाहीत, सगळ्यांना बोलावून सांगितलंत. "ऐका रे! ही म्हणते, पाईप म्हणजे चूल फुंकण्यासारखं हाय!" सगळं जहाज हसलं. ते हसणं मी विसरले नाही, हे आज सांगून टाकते.

तुमची खोड तिथंच मोडली म्हणा. बंदराबाहेर लाटा लागल्या आणि तुम्ही कठड्याला जाऊन वाकलात. मला वाटलं, काही बघत आहात. सकपाळ भावोजी म्हणाले, "घाबरू नका वहिनी. उतेकर पहिल्या दिवशी दर्याला नैवेद्य दाखवतो. सहा वर्षं झाली, एकदा चुकला नाय." मी तोवर पुरीभाजी खाऊन दोन केळी संपवली होती. मला काही झालं नाही.

उतरताना तुम्ही मामंजींना तुमची जुनी, पोचा पडलेली शिट्टी दिलीत. तुम्हाला नवी मिळाली होती. मामंजींनी ती सुतळीत ओवून गळ्यात घातली ती गावात मिरवायला. वाजवता येत नव्हती. त्यांना दमा. पण गळ्यात शिट्टी घातल्याशिवाय ते पंचांसमोर जात नसत.

आता लपवलेली गोष्ट.

मामंजी अंघोळीला गेले की शिट्टी खुंटीला असायची. मी ती उचलायची आणि गोठ्यात जायची. दार लावून घ्यायची. पहिले दोन दिवस नुसती फुस्स. मग एकदा थुंकी उडाली. मग मी विचार केला, आपल्याला जे येतं ते करावं. डोळे मिटले, समोर ओली लाकडं आहेत असं धरलं, पोटातून हळूहळू सोडत गेले. सूर लागला. आठ मोजले, नऊ मोजले, दहा मोजले. डोळे उघडले तर म्हैस रवंथ करायची थांबून माझ्याकडं बघत होती. म्हटलं, जमलं. मग छोटी वाजवली, वर जाऊन खाली. म्हैस पुन्हा चघळायला लागली. खोटं वाटेल, पण खरं आहे.

पुढच्या साली गणपतीच्या रजेला तुम्ही येणार होतात. तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. नदी लाल झाली होती, साकवाच्या कामट्यांना पाणी लागत होतं. मामंजी आणि मी बांध फुटला का बघायला नदीकाठच्या खाचरावर गेलो होतो. दोघांच्या डोक्यावर इरली. तेवढ्यात पलीकडून तुमची जेवणाची शिट्टी वाजली. हा माणूस या पाण्यात साकवावर पाय घालणार!

मी ओरडले. नदीच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. तुम्ही डोक्यावर ताडपत्री घेतली होती, खांद्यावर बॅग, मान खाली, नजर पायाकडं. आणि मी वरच्या अंगाला बघितलं. वळणावरून उंबराचं झाड येत होतं. अख्खं, मुळांसकट, गोल गोल फिरत. तुम्हाला ते दिसणार नव्हतं, तुमच्या बाजूला कळकाचं बेट आडवं होतं. आम्हाला दिसत होतं.

मामंजींनाही दिसलं. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. फुस्स. पुन्हा फुस्स. छाती भात्यासारखी वरखाली, डोळे बाहेर आलेले, आणि तोंडातून नुसता घुसघुस वारा. तुमचा एक पाय उचललेला मी बघितला. मी मामंजींच्या गळ्यात हात घातला, सुतळी तुटली का मानेला काचली मला माहीत नाही, शिट्टी ओढली आणि फुंकली.

स्टिल.

तुम्ही थांबलात! जसे होतात तसे. एक पाय काठावर, दुसरा साकवाच्या पहिल्या लाकडावर नुसता टेकलेला. पुढचं पाऊल टाकलं नाहीत. मी सूर सोडला नाही. आठ झाले, दहा झाले, बारा झाले, माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. आणि ते झाड आलं. साकवावर आदळलं, तोफेसारखा आवाज झाला, चारही लाकडं काडीसारखी उठली आणि गेली. तुमच्या पायाखालचं लाकूड गेलं. वजन काठावरच्या पायावर होतं म्हणून तुम्ही मागं चिखलात बसलात. नाहीतर मी चोवीसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळानं उभी असते.

मी ओरडणार, तेवढ्यात मामंजींनी माझ्या हातातून शिट्टी काढून घेतली. मला खांद्याला धरून आमच्या बाजूच्या बेटामागं ढकललं. "सूनबाई, मागं हो. ही मी वाजवली. कळलं? तुझी सासू ऐकंल, गाव ऐकंल. बाईमाणसानं शिट्टी फुंकली म्हणून बोभाटा करतील. मी वाजवली."

"बरं," मी म्हटलं. मला काय, नवरा जिवंत होता.

तुम्ही ताडपत्री बाजूला करून बघितलंत. अलीकडच्या काठावर तुमचे वडील उभे, हातात शिट्टी. तुम्ही उठलात, ताठ झालात आणि तसेच उभे राहिलात. पावसात. मामंजी हात हलवत होते, जा, माघारी जा. तुम्ही हलेनात. अर्धा तास. मी बेटाआडून बघत होते आणि मला कळत होतं तुम्ही कशाची वाट बघताय. कॅरी ऑनची. पण मामंजींना ती येत नव्हती आणि मला पुढं येता येत नव्हतं. शेवटी पलीकडचे दोघं येऊन तुम्हाला हाताला धरून घेऊन गेले. पाणी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात आणि वडिलांच्या पायावर डोकं ठेवलंत. मी भात टाकत होते.

मामंजींना पंचक्रोशीत मान आला. शिट्टीवाले आबा. लग्नात त्यांना पुढं बसवायचे, हकीकत सांगायला लावायचे. चार वर्षांनी ते गेले. जाताना मला जवळ बोलावलं. तुम्ही कोचीनला होतात. म्हणाले, "सूनबाई, माझ्या नावावर जन्मात एकच शिट्टी हाय. तेवढी राहू दे." मी म्हटलं, राहू दे. तोंडातून शब्द गेला तो गेला.

तुम्ही नेव्ही सोडून घरी आलात. त्यानंतर दरवर्षी भात झोडून झालं की सकपाळ आणि पवार भावोजी आपल्या ओटीवर यायचे. मी चहा, भजी, मग जेवण. तुम्ही तिघे दिवसभर जहाज चालवायचात. कोणत्या वादळात कोणाची निजायची झोळी तुटली, एडनच्या बाजारात कोण हरवलं, बॉयलरपाशी सकपाळ भावोजींचे कान कसे गेले, मेसमध्ये डाळीत काय सापडलं. दरवर्षी लाटा हातभर वाढायच्या. मी आतून म्हणायची, "त्या साली एवढी लाट असती तर आज चहा कोण पीत असतं?" पवार भावोजी म्हणायचे, "वहिनी आल्या कप्तानाच्या ब्रिजवर. गप्प बसा रे."

आणि शेवटी तुम्ही नदीची हकीकत काढायचात. दरवर्षी. आवाज चढवून, स्वयंपाकघराकडं तोंड करून. "बाबांचा दम म्हणजे काय हो! बारा मोजले! आमच्या बोसनला जमलं नसतं!" मी चुलीपाशी बसून ऐकायची. ओठ चावायची. एका वर्षी तर तुम्ही मामंजींना एका हातानं शिट्टी आणि दुसऱ्या हातानं नदीत पडलेली गाय धरायला लावलीत. मी म्हटलं, "गाय कुठनं आली?" तुम्ही म्हणालात, "तू कुठं होतीस बघायला?" आणि माझ्याकडं बघत राहिलात. मी भज्यांची परात घेऊन आत गेले.

मग ठरलेलं वाक्य. "बाबांनी कॅरी ऑन वाजवलीच नाय. मी अजून स्टिलमध्ये हाय. मेलो की आधी ती वाजवा, मगच उचला. हुकूम मिळाल्याशिवाय मी नाय हलायचा."

पवार भावोजींना हे पटायचं नाही. "कॅरी ऑन कसली? साइड वाजवायची. जहाजावरून कप्तान उतरताना वाजवतात ती. साध्या खलाशाला ती एकदाच मिळते, मेल्यावर. हक्क हाय आपला."

आणि मी दारात येऊन सांगायची, "माझ्या दारात मढ्यापुढं शिट्ट्या वाजणार नाहीत. तमाशा आहे का? निमूट जायचं, माणसं जातात तसं."

"जाणारच नाय," तुम्ही म्हणायचात. यावरून आपण किती भांडलो. गेल्या दिवाळीतसुद्धा. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत, आणि मीही मीठ हवं का विचारलं नाही.

तुम्ही गेलात त्या मंगळवारी दुपारपर्यंत पवार भावोजी बिरवाडीहून आले, सकपाळ भावोजी वरंधहून. पवार भावोजींनी पांढरी टोपी घातली होती, ती कानांवर उतरत होती. सकपाळ भावोजींना आता काहीच ऐकू येत नाही, त्यामुळं ते ओरडून बोलतात. तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. गळ्यात तुमची नवी शिट्टी मीच घातली होती. एवढं करायला मी हरकत घेतली नव्हती.

पवार भावोजी पुढं झाले. "वहिनी, तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. मी साइड वाजवणार." त्यांनी मामंजींची शिट्टी मागितली. मी पेटीतून काढून दिली. त्यांनी छाती भरली, फुंकली, आणि कवळी बाहेर आली. तुमच्या पायाशी पडली. विलासनं उचलून दिली. आपला विलास तुम्हाला माहीत आहे, त्याला कधी हसावं हे कळत नाही. तो हसला. मग मी हसले. अंगणातल्या बायांना वाटलं, मला वेड लागलं.

पवार भावोजी रडायला लागले. "दम नाय राहिला वहिनी. आमच्यात कोणात दम नाय राहिला."

तेव्हा सकपाळ भावोजींनी त्यांच्या हातातून शिट्टी घेतली आणि माझ्यासमोर धरली. आणि ओरडले. सगळ्या वाडीनं ऐकलं असेल.

"तुम्ही वाजवा! उतेकरनं मला सांगून ठेवलंय! वाजवणारं माणूस त्याच्या घरात हाय म्हणाला!"

मी म्हटलं, "काय बोलता?" त्यांना ऐकू आलं नाही, पण माझं तोंड बघून कळलं.

"त्याच्या बापाला दमा होता वहिनी! भाकरीचा तुकडा गिळताना तीनदा थांबायचा तो म्हातारा! त्याला बारा मोजता येतील? उतेकर पाईपवाला होता, दुसऱ्याचा दम त्याला कळत नसंल? नदीकाठी उभा असतानाच त्याला कळलं होतं कोणी फुंकली ती! म्हणाला, चूल फुंकणारीचा दम हाय तो! म्हणाला, ती आपणहून सांगंल तवाच मी मान्य करीन! म्हणून दरवर्षी चिडवायचा तुम्हाला!"

पंचावन्न वर्षं! अहो, पंचावन्न वर्षं ठाऊक असून तुम्ही ती गाय नदीत पाडलीत, मला बाहेर काढायला! आणि मी मामंजींना दिलेला शब्द धरून चुलीपाशी ओठ चावत बसले. एकदा सरळ विचारायला काय झालं होतं? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, ते मला माहीत नाही. बहुतेक नसतं सांगितलं. पण तुम्ही त्या जहाजावर हसला होतात ना, त्याची माफी तरी मागता आली असती. आता भांडायचं कोणाशी? तुम्ही आपले डोळे मिटून गप्प, ओठांच्या कोपऱ्यात जरा हसल्यासारखे. त्या कोपऱ्यावर माझा फार राग आहे.

मी शिट्टी घेतली. पदरानं पुसली. विलास म्हणाला, "आई, लोक बघतायत." मी म्हटलं, "बघायलाच आलेत." मामंजींची मनातल्या मनात क्षमा मागितली. त्यांची एक शिट्टी मी परत घेणार होते.

पहिली स्टिल वाजवली. ती तुमच्यासाठी नव्हती, माझ्यासाठी होती. म्हटलं, ऐकून ठेवा, हीच ना ती? सूर लागला. पवार भावोजी टोपीसकट ताठ झाले, हात कपाळाला. सकपाळ भावोजींना ऐकू येत नव्हतं, पण पवारांना बघून तेही थिजले. त्या दोघांना बघून सगळं अंगण थांबलं. तिरडी बांधणारे हातात सुंभ धरून थांबले, बाया रडायच्या थांबल्या. दारातली कोंबडीसुद्धा एका पायावर उभी होती. मी मोजत होते. आठ. नऊ. दहा. वय झालंय, बारा जमणार नाहीत असं वाटलं होतं. बारा झाले. तेरावा मी हौसेनं काढला. सूर तुटला नाही.

मग मूठ उघडली. वर नेऊन खाली आणली, पटकन. छोटीशीच असते. पण त्या दिवशी नदीवर राहिली होती ती हीच.

कॅरी ऑन.

तुम्हाला उचललं. तुम्ही हलके होतात म्हणे. विलास सांगत होता, बाबा आपणच चालत होते असं वाटलं. तसंच असणार. हुकूम मिळाला होता.

नवी शिट्टी तुमच्या गळ्यातच राहू दिली आहे. पलीकडं पोचलात की नेहमीसारखी एकदा वाजवा. पण मी लगेच निघेन असं समजू नका. वरची दोन खाचरं अजून लावून व्हायची आहेत.